ओला पारा पंचवीस

३ मे, दुपारी १
आजपासून शास्त्रशुद्ध जगणार. पुतण्या कौस्तुभने मुंबईहून दोन थर्मामीटर पाठवले. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी. हवा दमट असली की चिंधी वाळत नाही, पारा चढा राहतो. घामाचंही तेच. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही, माणूस सावलीतही आडवा होतो. गड्यांना जाहीर केलं : ओला पारा तीसवर गेला की आंब्याच्या पेट्या भरणं बंद. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समज कमी.

५ मे
चिंधी ओली करायला विसरलो (दोनदा). ते खातं सुगंधाकडे दिलं. एकला तिने पाणी घालायचं, लगेच मी वाचायचं. संसारात विज्ञान हवंच. ओला पारा २५. एकदम सेफ. काम चालू.

८ मे
२५. मुकादम महादू म्हणाला, "भाऊ, तुमचो पारो पडवीत सावळेत बसता. आमी पत्र्याखाली." आकड्याशी वाद! कौस्तुभचाही फोन : विजयदुर्गात, मे महिन्यात, पंचवीस? चिंधी तपासा. मुंबईत बसून सांगतोय.

१० मे
२५. शेडमध्ये पेट्या भरताना कामावरच्या सारिकाला चक्कर, दोन उलट्या. घरी पाठवली. वाईट वाटलं. पण तिला तोंडावर सांगितलं, न्याहारी नीट करत जा. उद्या स्वतः शेडमध्ये बसून पेट्या भरणार. संशय कायमचा मिटेल.

११ मे, सकाळी ११
बसलो. घाम ठिबकतोय, वाळत नाही. नोंद केली.
११.५० : डोकं ठणकतंय. पण पंचवीसच असणार, काळजी नाही.
१२.१५ : अक्षरं हलत

१३ मे, ग्रामीण रुग्णालय
महादूने पाठीवर घालून रिक्षापर्यंत आणलं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, हवा कशी होती? मी म्हटलं, ओला पारा पंचवीस. ते सुगंधाला म्हणाले, अजून बरळतायत.

मग सुगंधाने सांगितलं, "उन्हाचो पावणो इलो तर आपण फ्रिजातला पाणी देतो ना? चिंधयेकव ताच घालतंय." ओरडणार होतो. सारिका आठवली. लाज वाटली.

काल महादूने थर्मामीटर शेडमध्ये टांगले, चिंधीला बादलीतलं साधं पाणी. एकतीस. काम बंद केलं. मला विचारलं नाही.

संध्याकाळी सारिका बघायला आली. उशाशी शहाळं ठेवलं आणि अगदी काळजीने विचारलं, "भाऊ, त्या दिवशी न्हेरी करून गेल्लास मां?"