कागदावरचा एक जून

रायस्वाइक, नेदरलँड्स
मे २०२१

तीर्थस्वरूप नीळकंठमामांस,
भाचा विनायक याचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघे इथे धडधाकट आहोत. तुमची आणि मामीची खुशाली कळवा. दुसरा डोस मिळाला का? नसेल तर केंद्रावर पहाटेपासून ताटकळू नका. श्रीधरला आधी रांगेत उभा करा आणि नंबर जवळ आला की मग जा. (तुमच्या या चिरंजिवांना रांगेची सवय आहे. माझ्या लग्नात जिलबीच्या रांगेत तो तीनदा दिसला होता.) मामीचा गुडघा कसा आहे? परसातला शेवगा यंदा लागला का? आपल्या शाळेतले कोण कोण या साथीत गेले, ते फोनवर विचारायचा मला धीर झाला नाही, ते तुम्हीच सावकाश लिहा. पोस्ट बंद असल्यामुळे हे पत्र हाताने लिहून त्याचा फोटो श्रीधरच्या मोबाईलवर पाठवतो आहे. त्याच्याकडून वाचून घेऊ नका, मधले परिच्छेद तो गाळतो.

परवा फोन मध्येच तुटला, म्हणून सगळे नीट सांगतो. माझी कंपनी विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पला. विमानात जेवणाचे ट्रे वेळेवर पोचावेत म्हणून जे सॉफ्टवेअर लागते, ते मी सांभाळतो. आता विमानेच उडेनात, तर जेवणार कोण आणि मी पोचवणार काय? सप्टेंबरला माझा करार संपतो आणि पुढे वाढवणार नाही, असे साहेबांनी अत्यंत गोड शब्दांत कळवले आहे. (डच माणूस सहसा गोड बोलत नाही. तो गोड बोलला तेव्हाच मी काय ते समजलो.) त्यानंतर तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. योगिनीचा आणि शिवांगीचा इथला परवाना माझ्या परवान्याला लोंबकळतो आहे, म्हणजे माझे गेले की तिघांचे गेले. शिवांगी इथेच वाढलेली पोर. आपण मराठीत विचारावे आणि तिने डचमध्ये उत्तर द्यावे, असा आमचा संसार. दुसऱ्या देशात जावे लागेल म्हटल्यावर तिने एवढेच विचारले, "माझी फीत्स येणार ना?" फीत्स म्हणजे सायकल. येणार म्हणालो, आणि मामा, त्याच रात्री दुसऱ्या देशांचे नियम वाचायला बसलो.

म्हणून कॅनडा. तिथे कायमचे राहायचे तर तुमच्या प्रत्येक गोष्टीला गुण देतात: शिक्षणाला, इंग्रजीला, अनुभवाला, वयाला. मग सगळ्यांचा गुणानुक्रम लावतात आणि वरून उचलत येतात. थोडक्यात, अकरावीच्या प्रवेशाची कट-ऑफ, फक्त इथे विद्यार्थ्यांना टक्कल असते. साथीमुळे सध्या कॅनडात आधीच पोचलेल्यांनाच बोलावणे चालू आहे, आमच्यासारख्या बाहेरच्यांची यादी थांबली आहे. यादी थांबली तरी वाढदिवस थांबत नाहीत. या वयात दर वाढदिवसाला गुण कापतात आणि येत्या एक जूनला मी चाळीस पूर्ण करतो.

आता मामा, एक जून ही तारीख कुणाची, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी खरा जन्मलो त्या कागदावरच्या जूनच्या पुढच्या फेब्रुवारीत. पण तुमच्या शाळेत पहिलीचा पट भरत नव्हता, तुकडी जायच्या बेतात होती, शिक्षक जादा ठरणार होता. तेव्हा तुम्ही बहिणीच्या घरी आलात, मला कडेवर घेतलेत आणि थेट पहिलीत नेऊन बसवलेत. जन्मतारीख म्हणून एक जून टाकलीत. (आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला. गावात तेव्हा बायका फक्त त्याच दिवशी बाळंत होत असाव्यात.) पाटीवर मला रडता येत होते तेवढेच. तुकडी वाचली, गुरुजींची नोकरी वाचली, आणि त्याची किंमत आता कॅनडा माझ्याकडून वसूल करतो आहे.

दुसरा घोटाळाही तुमच्याच शिकवणीचा. इंग्रजीच्या परीक्षेला मास्क लावून बसलो. प्रश्न आला: घरातला हीटर बंद पडला आहे, घरमालकाला पत्र लिहा. पत्रलेखन म्हटल्यावर माझी छाती फुगली. "आधी माणूस विचारावा, मग काम काढावे," हे तुमचे वाक्य. मी घरमालकाची प्रकृती विचारली. त्याच्या पत्नीची विचारली. मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली. यंदाच्या थंडीबद्दल दोन शब्द लिहिले, थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगितले. हीटरचा विषय रीतीप्रमाणे ताज्या कलमात घेणार, तोच घंटा झाली. सबंध पत्रात हीटर कुठेच नाही. त्या परीक्षकाला वाटले असेल की घरमालकावर इतके प्रेम करणारा भाडेकरू जगात दुसरा नसेल. गुण मात्र त्याने त्या प्रेमाच्या मानाने फारच हात आखडून दिले.

योगिनीही बसली होती, जोडीदाराचेही थोडे गुण धरतात म्हणून. तिने लिहिले: हीटर बंद आहे, घरात लहान मूल आहे, उद्या माणूस पाठवा. तिला भरघोस गुण. मग एका रविवारी तिने चहा पिता पिता नुसते गंमत म्हणून कॅनडाच्या अर्जात मुख्य अर्जदार स्वतःला केले आणि मला जोडीदाराच्या रकान्यात टाकले. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, एम.एस्सी. झालेली, लायडनच्या प्रयोगशाळेत कामाला. आकडा असा वर गेला की आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा भरून पाहिले. मी पानावर जसजसा कमी महत्त्वाचा होत गेलो, तसतसे आमचे भवितव्य उजळत गेले. (मला थोडे लागले. नाही कशाला म्हणू?)

आणि मामा, गोष्ट तिथे थांबली नाही. हे तिने प्रयोगशाळेत सहज सांगितले, तर तिचे साहेब म्हणाले की मग आम्हीच तुझ्या नावाने परवाना काढतो. इथले सरकार गुणबिण मोजत नाही, पगार बघते, आणि तिचा पगार त्यात बसतो. म्हणजे कॅनडाचे बोलावणे येईपर्यंत आम्ही इथेच, योगिनीच्या आधारावर. शिवांगीची शाळा सुटत नाही. फीत्स दारातच आहे. मी नोकरी शोधतो आहे आणि घरात वरण-भात उत्तम करू लागलो आहे. फार दिवसांनी शांत झोप लागते.

मामीला नमस्कार. श्रीधरला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
विनायक

ता.क. परवा फोनवर तुम्ही तहसीलला जाऊन खऱ्या जन्मतारखेचे प्रतिज्ञापत्र करतो म्हणालात, ते कृपा करून करू नका. माझे सगळे कागद एक जून म्हणतात. आणि खरे सांगू? तुम्ही मला वर्षभर आधी पहिलीत नेले नसते, तर कॉलेजात मी नरेंद्रच्या वर्गात नसतो. नरेंद्र नसता तर त्याची बहीण योगिनी कुठून भेटती? तुमच्या एक जूनने माझे गुण खाल्ले हे खरे, पण सगळ्यांत जास्त गुण असलेले माणूसही त्यानेच घरात आणले. त्या तारखेला हात लावू नका, मामा.

ता.क. दुसरे. आता मूळ काम. "सून माझ्या विनायकच्या व्हिसावर परदेशी राहते" हे आईने हळदीकुंकवाला गावभर सांगितले आहे. आता विनायक सुनेच्या व्हिसावर राहणार, हे तिला कोणीतरी हळूच सांगायला हवे. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचे ती ऐकते. माझी हिंमत नाही. एवढे कराच.

ता.क. तिसरे. मामा, मी योगिनी. नमस्कार. यांनी फोटो काढायला पत्र माझ्या हातात दिले, तेव्हा वाचले. आईंना मी मागच्याच आठवड्यात सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पहिलीत त्याला दादानं उचलून नेलं होतं. आता तू ने. फक्त रडला तर घरी आणू नकोस."