गवतातला खोकला

९ सप्टेंबर

गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर पडायची—टाऽक, टक-टक. एक गुरू, दोन लघू. भ गण. पासष्ट वर्षं तरी झाली असतील. वृत्तं शिकवायची त्यांची हीच तऱ्हा. कवितेचा अर्थ आम्हाला नंतर कळायचा, ठेका आधी अंगात भिनायचा. आज पहाटे बंधाऱ्यावर फिरायला गेलो, तर खालच्या गवतातून तोच ठेका आला. टाऽक, टक-टक.

लावे! सहा वर्षांनी.

मुठीएवढा जीव. रात्रभर समुद्रावरून उडत येतात आणि उजाडायच्या आत या गवतात दगडासारखे पडतात. शाळाशाळांतून मी हेच सांगत हिंडतो—पहिले दोन तास त्यांना उठवू नका, कुत्री सोडू नका, लांबून नुसतं ऐका. मुलं ऐकतात बिचारी. दाखवायला लावे मात्र नव्हते.

१० सप्टेंबर

संस्थेतल्या मुलीला फोन केला. पक्ष्यांसाठी झटणारी आमची एवढीशी संस्था. ती चालवते, मी मिरवतो.

“नक्की ना काका? गेल्या वर्षी तुमचा लावा म्हणजे शेजारच्यांचा पाण्याचा पंप निघाला होता.”

उद्या येते म्हणाली.

११ सप्टेंबर

आली. सात वाजता. दोघांनी गवताची कड पायाखाली घातली. एक पीस नाही, विष्ठा नाही, काही नाही. “ऐकू येतात पण दिसत नाहीत, असं लिहू का वहीत?” म्हणाली. लिही म्हटलं.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, “बाबा, एकदा कान दाखवून येऊ या.” कुणी कळवलं हिला?

एक गोष्ट मी दोघींनाही सांगितली नाही. लावे ओरडतात तेव्हा एक इथून हाक घालतो, दुसरा तिकडून ओ देतो. हा आवाज एकाच जागेवरून येतो. थांबत नाही. इतका लांबून दमून आलेला पक्षी एवढा वेळ ओरडेल कसा?

१३ सप्टेंबर

पाच वाजता गेलो. धुकं होतं. आवाजाच्या रोखाने बंधारा अर्धा उतरलो. टाऽक, टक-टक. टाऽक, टक-टक. आणि मध्येच कुणीतरी खोकलं.

बाईचा खोकला. दोनदा, तोंडावर हात धरून दाबलेला. मग अगदी हळू—“आले बघा.”

मी तिथेच ओल्या दगडांवर बसलो.

आमच्या हिला जाऊन अकरा वर्षं झाली.

तीच तारीख, दुपार

आता नीट लिहितो.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच गवतात मी टेपचं यंत्र घेऊन बसलो होतो. रेडिओत टेपा सांभाळायची नोकरी होती. यंत्र साहेबांना न सांगता दोन दिवस घरी आणलं होतं. माइक हिच्या हातात. हिला सर्दी झाली होती, खोकला आवरेना. मी करवादलो, “हे सगळं टेपवर जाणार आता.” गेलंच.

ती टेप मी गेल्या वर्षी संस्थेला दिली. पक्ष्यांच्या प्रदर्शनात ठेवली—बटण दाबा, लाव्याचा आवाज ओळखायला शिका. मुलगी म्हणाली होती, “खोकला काढून टाकू का काका?” राहू दे म्हटलं. मग तिने माझ्या फोटोसकट तो आवाज संस्थेच्या वेबसाइटवर ठेवला. कुणीही उतरवून घ्यावा. जितके जास्त लोक ओळखतील तितकं चांगलं. ‘कुणीही’ हा शब्द माझा.

कुणीतरी उतरवून घेतला आहे. गवतात स्पीकर लपवून वाजवतो आहे. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपलेच आहेत, जागा भल्याची आहे. उतरतात ते थेट जाळ्यात. उजाडायच्या आत गडी सगळं गुंडाळून पसार. आम्ही सात वाजता वही घेऊन जातो.

वनखात्याला एक फोन करायचा. नंबर आमच्याच पत्रकावर छापलेला आहे, तळाशी, ठळक अक्षरांत.

१४ सप्टेंबर

नाही केला.

१५ सप्टेंबर

आज पुन्हा गेलो. मनाला समजावलं की जागा नीट हेरायला हवी, पुरावा हवा. खोटं. सव्वाचार मिनिटांनी टेप पुन्हा पहिल्यापासून लागते. मी तेरा वेळा ऐकली.

घरी मोबाइलवर तीच टेप आहे. पण मोबाइलवर ती टेपच असते. गवतातून, धुक्यातून, त्याच जागेवरून आली की ही असते. पुढ्यात वीस पावलांवर, माइक धरून, माझ्या धाकाने खोकला गिळत. उतरून चार पावलं पुढे गेलो असतो तर स्पीकर दिसला असता. म्हणून गेलो नाही.

परतताना वाटेत जाळ्याचा फाटका तुकडा. त्यात एक लावा, मान अडकलेली. अजून ऊब होती. डोळ्यावर ती फिकट भुवई, कुणी खडूने ओढावी तशी. खिशात घालून आणला, गच्चीतल्या कुंडीत पुरला.

“हाताला माती कसली, बाबा?”

“कुंडी हलवली.”

सूनबाईने कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१६ सप्टेंबर

पहाटे गेलो नाही. शाळेत व्याख्यान होतं, चौथीचा वर्ग. नेहमीचं सगळं सांगितलं—तारे बघून वाट कशी काढतात, पंखांत किती बळ असतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“आजोबा, तुम्ही कधी वाचवलाय का? एक तरी?”

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले. मी म्हटलं, “लोकांना माहिती देणं हेही वाचवणंच असतं, बाळ.”

“म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

१७ सप्टेंबर

फोन केला.

“आवाज कुणाचा आहे म्हणालात?” खात्यातला माणूस लिहून घेत होता.

“माझ्या बायकोचा.”

“बाई आत्ता कुठे असतात?”

सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.

मग मुलीला सांगितलं. तिने तिथल्या तिथे वेबसाइटवरून आवाज काढून टाकला. चिडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काका?”

चार दिवस म्हणालो. तिने फोन ठेवला.

उद्या पहाटे छापा घालणार आहेत.

१८ सप्टेंबर

मी बंधाऱ्यावर उभा होतो. खात्याचे चौघे, ती मुलगी आणि मी. काही वाजत नव्हतं. काठ्या जागच्या जागी रोवलेल्या, आणि जाळी उभी-आडवी कापून चिंध्या केलेली. स्पीकर नाही, माणूस नाही.

“कुणीतरी आधीच कानावर घातलेलं दिसतं,” अधिकारी माझ्याकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात गवतातून एक हाक आली. लांबून तिला ओ. मग तिसरी, पार पाण्याच्या कडेने. खरे लावे. मुलगी श्वास धरून बोटांवर मोजत होती. सात झाले. तिने माझा हात धरला, कालचं सगळं विसरून.

मला आनंद व्हायला हवा होता. मी खोकल्याची वाट बघत होतो.

१९ सप्टेंबर

दुपारी बेल वाजली. सूनबाई कामावर. दारात चाळिशीतला एक माणूस, गुडघ्यांपर्यंत चिखल वाळलेला.

“वेबसाइटवर फोटो होता तुमचा,” म्हणाला. “जाळी मीच लावायचो, मीच कापली. परवा, तुमचे लोक यायच्या आधी.”

मी दार धरून उभा.

“तुम्हाला तीन-चारदा बघितलं बंधाऱ्यावर. वाटायचं, आता ओरडतील, मग ओरडतील. तुम्ही नुसते बसून असायचात. म्हटलं, यांची हरकत दिसत नाही. सोळाला तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी टेपवरची बाई ‘आले बघा’ म्हणाली आणि पुढे म्हणाली, ‘जा रे, जा.’ गवतातलं एकूण एक पाखरू उठलं. सतराला पुन्हा तेच. मग नाही थांबलो मी.”

टेपवर ‘आले बघा’च्या पुढे काही नाही. एक्केचाळीस वर्षं ऐकतो आहे.

त्याला आत घेतलं. पाणी दिलं. आणि विचारलं, ती रागावलेली वाटत होती का.

तो विचारात पडला. “नाही,” म्हणाला. “घाईत होती.”