मेथीची जुडी आणि सात नंबर

लालबाग, शुक्रवार

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर काही महत्त्वाचं काढलं की तू 'थांब, आईशी बोल' म्हणत फोन तिच्या हातात कोंबतोस, म्हणून हा उद्योग. आता गपगुमान शेवटपर्यंत वाच.

परळच्या टॉवरमधल्या आमच्या गोल्फ सेंटरात सोमवारी एक गिऱ्हाईक वैतागून आलं. इथे पडद्यासमोर चटईवरून मारलेला चेंडू ठरल्याइतकाच जातो, मग मैदानात कधीतरी त्याच स्टिकने वीस पावलं पुढे का पळतो, असं त्याचं म्हणणं. मी काउंटरवर पावती फाडत होते. वीस पावलं ऐकलं आणि पावती अर्धवट टाकून जवळ गेले.

आमच्या कोच मेघना मॅडम त्याला समजावत होत्या. ओलं, वाढलेलं गवत स्टिक आणि चेंडूच्या मध्ये चिरडलं की स्टिकची पकड सुटते, चेंडूला उलटी फिरकी कमी मिळते. मग तो उंच चढून जागच्या जागी उतरत नाही, सरळ पुढे पळतो, पडल्यावरही घरंगळतो. आणि हे कधी होईल ते मोठमोठ्या खेळाडूंनाही आधी ओळखता येत नाही. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी गवताऐवजी दादरहून मेथीची जुडी घेऊन गेले. मॅडम हसून हसून बेजार! पण चेंडूमागे ओली पानं लावून त्यांनी सात नंबरच्या स्टिकने दहा फटके मारले. मशीनवर फिरकी निम्म्यावर आली, आणि चार चेंडू पंधरा-वीस पावलं जास्त गेले. उरलेली मेथी मी रात्री परतून खाल्ली.

बाबा, त्या श्रावणात क्लबात पावलं मोजून साहेबांना तू सात नंबरच दिली होतीस. चेंडू वीस पावलं जास्त, हिरवळीपलीकडे जाऊन गवत कापणाऱ्या हरेश्वरकाकांच्या खांद्यावर बसला, हाड मोडलं. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, जगदीश, तुझा अंदाज चुकला. दुसऱ्या दिवसापासून तू स्टिका वाहून अंतर सांगायचं ते कॅडीचं काम सोडलंस आणि वॉचमनची टोपी घातलीस. पण तूच सांगायचास ना, नंतर स्टिक पुसली तर फडकं हिरवंगार झालं होतं? अरे, गवत होतं ते! तुझी पावलं बरोबरच होती. काल माहीमला जाऊन काकांनाही सांगितलं. त्यांनी तोच हात डोक्यावर नेऊन दाखवला आणि म्हणाले, त्या येड्याला म्हणावं, मी तुला कधी बोललो काय? मी तिथेच रडले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या श्रावणाआधी नुसतं बघून सुरमईचं वजन सांगणारा माणूस तू. मंडपाचा बांबू किती लागेल तेही मंडळवाले तुलाच विचारायचे. नंतर मात्र आमटीत मीठ किती, तेही सांगेनास. दहावीनंतर कुठे जाऊ विचारलं, तर 'तुझी मर्जी'. नोकरीच्या वेळीही तेच. राग यायचा मला, खूप. वाटायचं, बाबाला माझं काही पडलेलंच नाही.

पुढच्या रविवारी सुशांतला घेऊन गावी येतेय. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची कामं बघतो, भायखळ्याला राहतो, आईला माहीत आहे. त्याच्याशी लग्न करायचं मनात आहे. तू त्याला बघ, बोलतं कर, हवं तर समुद्रापर्यंत चालत ने. मग मला सांग, माणूस कसा आहे. 'तुझी मर्जी' म्हणालास तर याद राख. माझी मर्जी मला ठाऊक आहे रे. मला तुझा अंदाज हवाय.

तुझीच,
प्राची