नानांच्या तिकिटाची गोष्ट

तीर्थरूप नानांना, इंग्लंडहून ललितचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, थंडी आता सोसते. सावद्यात केळी कापणीला आली का?

तुम्ही येणार म्हणून इथल्या फुटबॉल क्लबात तुमचं तिकीट काढायला गेलो. खिडकीवरची बाई म्हणाली, "आधी पाहिलेल्या सामन्यांची नोंद लागते."

"पहिल्यांदा येणाऱ्याकडे ती कुठून येणार?" मी विचारलं. तिने मागच्याला पुढे बोलावलं.

आपल्या कुस्त्यांत परगावच्या पाहुण्याला पुढे बसवतात. इथे नवा माणूस दारातच संशयित. पण नियम सगळ्यांना एकच, की माझं तोंड पाहून काढला? खात्री करायला बाजूला थांबलो. एका गोऱ्या म्हाताऱ्यालाही नातवाच्या तिकिटासाठी तेच उत्तर मिळालं. मला बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

मग त्या म्हाताऱ्याशी बोलून ठरवलं: तुम्ही आलात की तो, त्याचा नातू, तुम्ही आणि मी, चौघं तिकिटं मिळेपर्यंत त्या खिडकीसमोर उभे राहणार आहोत. बोलायचं मी बघतो. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा, कारण बराच वेळ हलायचं नाही.

आईला मात्र तिकीट मिळालं असंच सांगा. नाहीतर म्हणेल, तिथेही भांडण काढलं याने.

तुमचाच,
ललित