कर्जमुक्त माणसाची सही

३ जानेवारी १९७१, रविवार
सकाळी उपासनेत पाळकसाहेब बोलत असताना हिशोब सुचला. पोस्टात माझे सहाशे चाळीस रुपये. त्यावर व्याज साडेचार टक्के. शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज (सायकल आणि रेडिओ) बाकी सहाशे. त्यावर दहा टक्के. म्हणजे वर्षाला तेहतीस रुपये फुकट घालवतोय. बसवेना. प्रवचन कशावर होतं ते लक्षात नाही.

घरी एलिझाबेथला सांगितलं. ती म्हणाली, हेच मी वर्षभर सांगतेय. असेल. पण टक्केवारी मी काढली.

५ जानेवारी
योजना पक्की. पोस्टातले काढून कर्ज फेडायचं. मग पतपेढीचा साठचा हप्ता वाचतो, तो दरमहा पोस्टात टाकायचा. जूनपर्यंत तीनशे. आमच्या लेकीला, दयाला, नगरच्या दवाखान्यात नर्सिंगच्या प्रवेशाला अडीचशे लागतात, दहा जूनच्या आत. वर पन्नास, त्यात तिला पत्र्याची ट्रंक. एलिझाबेथ म्हणाली, योजना चांगली हाय, तुमी तेवढं हप्ते टाकायला विसरू नका. विसरायला मी काय लहान आहे?

१६ जानेवारी, शनिवार
एस.टी.ने नगरला जाऊन कर्ज फेडलं. पतपेढीच्या कारकुनाने बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला दिला. स्टँडवर भेळ आणि दोन चहा. परतताना गाडीत बसवत नव्हतं, दोनदा दाखला काढून वाचला. शेजारच्या बाईला वाटलं, तार आली.

१८ जानेवारी
दाखला शाळेत नेला. आमच्या तिसगावच्या शाळेत सगळे एकमेकांना जामीन. गुंता असा की कुणी कुणाचा सुटत नाही. सुटलेला मी एकटा. मुख्याध्यापक राधाकृष्णराव म्हणाले, खिशात ठेवा, फार दाखवू नका. मत्सर.

७ फेब्रुवारी, रविवार
काल संध्याकाळी पगार झाला. साठ वेगळे काढले. पोस्ट बंद. उद्या.

१० फेब्रुवारी
मेव्हणा आला होता. साठातले बावीस गेले. अडतीस टाकणं शोभत नाही. कर्जमुक्तीनंतर माणसाने एक महिना मोकळा श्वास घ्यावा. मार्चपासून पंचाहत्तर टाकायचे. हिशोब तोच.

१९ फेब्रुवारी
रंगनाथ आला. आमच्यातला तरुण शिक्षक, टापटीप. त्याच्या मेव्हण्याशी भागीत टेम्पो घेतोय, पंधराशे कर्ज हवंय. म्हणाला, गुरुजी, समद्या तालुक्यात तुमच्यासारखा मोकळा जामीन न्हाई, तुमची सही म्हंजी शिक्का हाय. दुसरा जामीन त्याचे चुलते होते, ते मार्चअखेर निवृत्त होणार. सही केली. दोनदा केली, पहिली जरा तिरकी आली होती.

एलिझाबेथ म्हणाली, मला इचारायचं तरी हुतं. तिला समजावलं की सही म्हणजे पैसे नव्हेत. सहीला व्याज लागत नाही.

९ मार्च
निवडणुकीच्या ड्युटीवर तीन दिवस. तिथे चार शिक्षकांना बचत आणि कर्ज यांचं नातं समजावलं. भत्ता मिळाला, त्याचं शर्टाचं कापड घेतलं. समजावणाऱ्याने नीट दिसायला हवं. पोस्टात एप्रिलपासून नव्वद.

१२ एप्रिल
काल ईस्टर. खर्च झालाच. सकाळी वीस रुपये घेऊन पोस्टापर्यंत गेलो. रांग होती. सायकल वळवली, बाजारातून चक्कर मारली, पुन्हा गेलो, तर जेवणाची सुट्टी. दयाने विचारलं, पप्पा, किती झाले? म्हटलं, मे महिन्यात एकदम बघ.

२६ एप्रिल
रंगनाथ आठवडाभर शाळेत नाही. बिनपगारी रजा. टेम्पो घेऊन सुरतेला गेला म्हणतात. धडपड्या आहे. येईल.

८ मे
पगारातून पंचाहत्तर कापले. वाटलं, कारकुनाची चूक. नगरला गेलो. कारकून म्हणाला, रंगनाथचे हप्ते थकलेत, चुलते निवृत्त झालेत, राहिला तो जामीन तुम्ही. माझा स्वतःचा हप्ता साठ होता. दुसऱ्याचा पंचाहत्तर. चहा घेतला नाही.

११ मे
नवी योजना. पतपेढीतून तीनशेचं छोटं कर्ज काढायचं, दयाचा प्रवेश करायचा. दहा टक्के म्हणजे काही फार नाही. दोन जामीन हवेत.

१५ मे
सुट्टीत एकेकाच्या घरी गेलो. सगळे गुंतलेले. राधाकृष्णराव म्हणाले, गुरुजी, कर्जमुक्त माणसाला कर्ज कशाला? ते हसले नाहीत, हे जास्त लागलं.

२९ मे
घरात बसवत नाही. सायकलवर मढीपर्यंत जाऊन आलो, कामाशिवाय. सुरतेला तीन पत्रं टाकली. पत्ता नक्की नाही. सायकल विकावी का? गिऱ्हाईक चाळीस म्हणतंय. रेडिओ विकावा तर त्याच्या लायसन्सची फीही थकलीय.

१० जून, गुरुवार
मुदत संपली. मला लाज वाटतेय. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

२१ जून, सोमवार
दयाला त्याच दवाखान्यात आयाचं काम मिळालं. खाटा पुसायच्या, रोग्यांना भांडी द्यायची. तिनेच चौकशी केली होती, मला नंतर कळलं. वर्षभर पैसे साठवून पुढच्या जूनला प्रवेश घेईन म्हणाली.

तिला नगरच्या गाडीत बसवायला गेलो. सांगणार होतो की दरमहा पगार झाल्या झाल्या पोस्टात टाक, उद्यावर ढकलू नकोस. तिची पिशवी खिडकीतून आत दिली. गाडी सुरू झाल्यावर तिने खिडकीतून माझ्या हातात पाच रुपये ठेवले. पप्पा, पगारापर्यंत लागतील, म्हणाली. सुट्टीत शिवणकाम करून मिळवलेले असणार.

घेतले.