बाहेर न पडता दिलेला हुकूम

४ एप्रिल १९८८, कुडाळ
आजपासून माझं वधू-वर केंद्र पूर्ण कॉम्प्युटरवर. चौदाशे स्थळं टायपिस्ट सुशीलाने सहा महिन्यांत टाइप केली. कागदी फॉर्म बंबात घातले. आठवडाभर आंघोळीच्या पाण्याला लाकूड नको.

७ एप्रिल
पणजीचा इंजिनिअर सुशीलाला सांगत होता, बॅकअपच्या प्रोग्रॅममधून बाहेर न पडताही ‘रन’ लिहून कॉम्प्युटरला कसलाही हुकूम देता येतो. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं. माझं कॉलेज म्हणजे माझे कान.

११ एप्रिल
भिकाजी आला. मुलगी जानकी, वय तेहतीस, कडक मंगळ. तीन वर्षं हेलपाटे घालतोय. कॉम्प्युटरने दोन मिनिटांत मंगळाचाच मुलगा काढला. नाव-पत्ता गुरुवारी देईन म्हटलं. लगेच दिलं तर किंमत राहत नाही. म्हणाला, "भाई, तुमी देवमाणूस ओ!" खरं आहे.

१३ एप्रिल, सकाळी ११
बॅकअपची फ्लॉपी भरलेली. प्रोग्रॅममधूनच रन, फ्लॉपी पुसायचा हुकूम. कोरी करकरीत! मग कॉम्प्युटरमधली अडगळही काढायला घेतली. रन, डिलीट, सगळं. सुशीला ओरडली, "भाई, आधी बाहेर पडा! आत असलो की आपण स्थळांच्याच खणात असतो." टायपिस्टने टाइप करावं, असं सुनावलं. कॉम्प्युटरनेही विचारलं, खात्री आहे का? मला! ‘वाय’ दाबलं.

११.१०
बॅकअपला रोज बारा मिनिटं लागतात. आज एक सेकंद. इंजिनिअरला शिकवावं लागेल.

दुपारी ४
स्थळं दिसत नाहीत. एकही. फ्लॉपीवरही नाही. सुशीलाला कामावरून काढलं. ऐन वेळी ओरडून तिनेच लक्ष उडवलं.

१४ एप्रिल
भिकाजी नवी टोपी घालून आला. म्हटलं, मुलाकडून नकार. "बघूक सुद्धा येवचे नाय?" त्याने दोनदा विचारलं. टोपी काढून हातात धरली. चहा पाजला. माझ्यासारखं मन सगळ्यांना नसतं.

२९ मे
जानकीचं लग्न झालं. बांद्याचा बिजवर, तीन मुलं. पत्रिका न बघताच उरकलं म्हणे. मला आमंत्रण नाही. लोकांना उपकाराची जाण नाही.

६ जून
शिरोड्याहून सत्यवान नावाचे गृहस्थ आले. "भाई, माझ्या झिलाच्या फॉर्माचा काय झाला? मंगळाची एक पोरगी गावली नाय तुमका?"
ओळखलं, जानकीसाठी निघाला होता तोच मुलगा. म्हटलं, होती एक. तिनेच नाही म्हटलं.
"माझ्या झिलाक न बघताच? कोणी सांगल्यान तुमका?"
मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.