जुने डबे आधी

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून युद्ध. किराणा बंद. कपाटातलं संपेपर्यंत घरात नवा दाणा येणार नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या गळ्यात घालायला नको. परवा बायकोने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या मोठ्या कपाटाचं दार उघडलं आणि वरच्या फळीवरून अननसाचा डबा तिच्या मनगटावर पडला. हाड मोडलं. उजवा हात. ती घरी शिवणकाम करते, त्यामुळे मशीनही बंद. डबा मी आणला होता हे खरं, पण त्याला पडायला मी सांगितलं नव्हतं. शिवाय एकावर एक फ्री होता. पडला तो विकतचा की फ्रीचा, हे कोणी तपासलेलं नाही.

प्लास्टरकडे बघत बायको म्हणाली, हे निघेल त्या दिवशी कपाट रिकामं पाहिजे. फेका, वाटा, काय वाटेल ते करा. नाहीतर मी बहिणीकडे जाते, कायमची. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर घाबरलो असतो. शांत होती, म्हणजे गंमतच.

फेकणार तर नाहीच. खाऊन संपवणार. एकेका डब्याचा मुडदा पाडणार.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
व्यूहरचना तयार. पंपांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे नियम एकच: आधी आलेला माल आधी बाहेर. वॉल्व्ह असो, वॉशर असो, जुना आधी. या एका नियमावर मी भल्याभल्या ऑडिटरांना पाणी पाजलंय. स्वयंपाकघर त्यापुढे काय चीज आहे?

कपाटाची डावी बाजू जुनी, उजवी नवी. हल्ला डावीकडून.

आई म्हणाली, अरे, वॉशर नासत नाहीत. आईला सिस्टम समजत नाही.

५ फेब्रुवारी
पहिला बळी. टोमॅटोचा डबा. सर्वांत जुना, दोन्ही बाजूंनी फुगलेला. बायकोला दाखवून म्हटलं, बघ कसा ठासून भरलाय, हल्ली कंपन्या इतकं देत नाहीत. ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. मी ओपनर लावला.

स्फोट. दुसरा शब्द नाही. छत लाल, पंखा लाल, मी कपाळापासून छातीपर्यंत लाल. वास असा, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आई धावत आली, मला तशा अवस्थेत बघितलं आणि मागे वळून बायकोला म्हणाली, अगं, मारलंस शेवटी? तिच्या आवाजात जितकी भीती असायला हवी होती तितकी नव्हती. बायको बाहेरूनच म्हणाली, नाही हो आई, माझा हात प्लास्टरमध्ये आहे.

असो. डबा संपला. सुरुवात झोकात.

९ फेब्रुवारी
राजमा. वय अज्ञात. पिशवीवर ज्या दुकानाचा शिक्का आहे तिथे आता सलून आहे, आणि सलूनवालाही म्हातारा झालाय.

काल भिजत घातला. आज जसाच्या तसा. कुकरला लावला. शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं. शेवटी कुकरने धीर सोडला, सेफ्टी वॉल्व्ह उडाला आणि राजमा गोळीबार केल्यासारखा सुटला. एक दाणा दिव्याला लागला. दिवा गेला. दाणा मात्र शाबूत.

खाली सांडलेले गोळा करून वाढले. आईची कवळी पहिल्याच घासाला तडकली. तिने मला जे सुनावलं ते वडिलांनाही कधी सुनावलं नव्हतं.

मग माझंही डोकं फिरलं. हातोडी आणली. राजमा आणि मी, समोरासमोर. फरशी फुटली.

राजमा आता पुन्हा पिशवीत, पहिल्या रांगेत. शत्रूची कदर करावी लागते.

१२ फेब्रुवारी
मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवतो, फ्रीज पाठीवर घेऊन जिने चढतो, बोलतो कमी. ताईसाठी ताजा ब्रेड घेऊन आला होता. नवा माल! पण पाहुणा आहे म्हणून सोडून दिलं. आमचा फ्रीजमधला जुना ब्रेड शिल्लक होता, म्हणून नियमाप्रमाणे ताजा मागे ठेवला.

१५ फेब्रुवारी
जुना ब्रेड संपला. आता मेहुण्याने आणलेल्याचा नंबर. त्याला बुरशी आलेली. हिरवी बाजू कापून खाल्ला. मेहुण्याने आज पुन्हा ताजा आणला. मागे ठेवला.

१८ फेब्रुवारी
मागच्या ब्रेडचा नंबर आला. बुरशी.

बायको म्हणाली, या घरात ताजं खायचं असेल तर ते शिळं व्हायची वाट बघावी लागते. सिस्टम हळूहळू तिच्या लक्षात येते आहे.

२० फेब्रुवारी
मारामारी झाली. लपवण्यासारखं काही नाही, मीच जिंकलो.

मेहुण्याने तिसरा ब्रेड आणला आणि माझ्यादेखत ताईच्या हातात दिला. तिने लगेच तोंडात घातला! रांग मोडून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ब्रेड ओढला. त्याने माझी कॉलर धरली आणि मला अलगद उचलून फ्रीजला टेकवलं. पाय अधांतरी. म्हणाला, भावजी, ताई वाळत चालली आहे. मी हात मागे घालून फ्रीजर उघडला, गोठलेल्या मटारची अख्खी लादी काढली आणि त्याच्या खांद्यावर हाणली.

तो जरा थांबला. म्हणाला, अजून थोडा वेळ धरा, सकाळपासून आखडला होता.

मटार वापरले गेले. डावीकडच्या चणाडाळीनंतर त्यांचाच नंबर होता.

२३ फेब्रुवारी
कामावर जाताना बघितलं, बायको बंद मशीनपुढे बसली होती. अर्धवट शिवलेल्या फ्रॉकची घडी डाव्या हाताने सरळ करत होती. पुन्हा पुन्हा तीच घडी. बघवेना. जवळ जाऊन काहीतरी चांगलं बोलावंसं फार वाटलं.

म्हटलं, आज चणे आहेत.

२५ फेब्रुवारी
पिठात किडे. कत्तल केली. चपलेने, लाटण्याने, शेवटी नुसत्या हाताने. ओट्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती इतके पडले. उरलेलं पीठ चाळून घेतलं.

बायकोने दारातून विचारलं, पीठ जुनं आणि किडे नवे, मग तुमच्या नियमाने आधी काय खायचं? मी चाळणी पुन्हा हलवली.

१ मार्च
नवं संकट. डावी बाजू रिकामी होत आली आणि कपाट उजवीकडे झुकलं. वरचा स्क्रू भिंतीतून डोकावतोय. शत्रूने पडता पडता डाव टाकला.

उपाय सुचला. डाव्या बाजूला वजन हवं. दुकानात मासळीच्या डब्यांवर ऑफर होती, एकावर दोन. भरपूर आणले. कपाट सरळ झालं.

ही खरेदी नाही. हा तोल आहे. आई म्हणाली, मग विटा ठेव. विटा खाता येत नाहीत. आईला व्यवहार कधी कळलाच नाही.

४ मार्च
आता कपाट डावीकडे झुकलं. उजवीकडे जामच्या बाटल्या ठेवल्या.

८ मार्च
सगळ्यांची पोटं बिघडली. जबाबदार कोण हे ठरवता येत नाही, कारण काल खाल्लेल्या पाचही वस्तूंची तारीख गेलेली होती. संडास एक, माणसं तीन. दारापुढे धक्काबुक्की. आईने कोपर मारलं, मी कडीला लटकलो, बायकोने प्लास्टरचा हात उगारला. शेवटी मी शिस्त लावली: सर्वांत जुना आधी. आई आत गेली.

बायको भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. म्हणाली, तुम्हाला माझं म्हणणं एकदा तरी ऐकू येतं का हो? मी म्हटलं, येतं ना. ती म्हणाली, मग मी काय म्हणाले होते? तेवढ्यात दार उघडलं आणि दुसरा नंबर तिचा होता.

१६ मार्च
उद्या प्लास्टर निघणार. कपाटाची पाहणी केली.

भरलेलं आहे. प्रामाणिकपणे लिहायचं तर आधीपेक्षा थोडं जास्त. पण बारकाईने बघितलं तर राजमा सोडून जुनं जवळजवळ काही नाही! सगळा माल नवा कोरा. म्हणजे तिला ज्याचा त्रास होता ते संपलं. उद्या हे नीट समजावून सांगायचं. ऐकेल. बायको समजूतदार आहे.

फक्त दोन्ही स्क्रू डोकावतायत.

१७ मार्च
हॉस्पिटल. प्लास्टर कापलं. आतला हात बारीक झालेला, सालं निघालेला, जणू तिचा नाहीच. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. तिने माझ्याकडे बघत मूठ वळली. डॉक्टर म्हणाले, जोर चांगला आहे. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

घरी आलो. मेहुणा बरोबर होता. बायको चपला न काढता थेट स्वयंपाकघरात गेली. आई तिथेच होती. मी मागून समजावायला सुरुवात केली, की हा साठा नाही, हा तोल आहे. तिने त्या बारीक हाताने कपाटाचं दार उघडलं.

स्क्रू भिंतीतून सुटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. अख्खं कपाट पुढे आलं. मेहुण्याने ताईला कमरेला धरून मागे खेचलं. आईने या वयात टेबलाखाली उडी मारली. मासळीचे डबे तोफगोळ्यांसारखे सुटले, जामच्या बाटल्या फुटल्या, कपाटाची कड ओट्यावर आपटून ओटा तडकला. आणि मी हात पसरून पुढे धावलो आणि जीव खाऊन ओरडलो: आधी जुने! जुने आधी पकडा!

सवय आहे. स्टोअरमध्ये रॅक कलला की हेच ओरडतो.

राजमा पकडला मी. एक दाणा सांडू दिला नाही. पायाच्या अंगठ्यावर अननसाचा डबा पडला. तोच, पहिल्या दिवसाचा. तो अजून होता तर.

सगळं थांबल्यावर बायकोने विचारलं, आम्ही तिघं खाली होतो, तुम्ही कोणाला वाचवत होतात? माझ्या हातात पिशवी होती.

ती रागावली नाही. ओरडली नाही. एक डबा तरी फेकून मारायला हवा होता, खाली एवढे पडले होते. तिने बॅग भरली, मेहुण्याने मशीन उचललं. तेव्हा मला कळलं, ती शांत असते तेव्हा गंमत करत नसते. दरवाजापाशी बघतो तर आई पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढे. म्हटलं, आई, तू कुठे? म्हणाली, मी सर्वांत जुनी. मी आधी.

१८ मार्च, सकाळ
रजा टाकली. अंगठा काळानिळा, किरकोळ.

शांतपणे विचार केला. खाणारं तोंड आता एकच. जमिनीवरून गोळा केलेला माल बघता काही वर्षं किराण्याचं नाव काढायला नको. मोहीम यशस्वी. इतकी यशस्वी होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

घर फार शांत आहे. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग आहेत.

दुपार
भूक. अननसाच्या डब्यापासून सुरुवात करायची, डब्यांत सर्वांत जुना तोच. ओपनर सापडत नाही. सुरी लावली, मोडली. स्क्रू-ड्रायव्हर लावला, हाताला लागला. हातोडीने हाणला, भिंतीवर आपटला, जिन्यावरून खाली फेकला. फरशीचे आणखी दोन तुकडे झाले. डब्याला पोचा पडला, बस.

संध्याकाळ
बायकोला फोन केला. काय बोलायचं ते दुपारभर पाठ केलं होतं. माझं चुकलं. परत ये. हात कसा आहे? एवढी तीनच वाक्यं.

तिने फोन उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, पाय कसा आहे? काल लंगडत होतात.

मी म्हटलं, ओपनर कुठे ठेवलास?

पलीकडे आई कोणाला तरी गरम भात घे म्हणत होती, भांड्यांचा आवाज येत होता. बायको म्हणाली, एवढ्यासाठीच फोन केलात? मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो गेलं. तिने फोन ठेवला.

अंगठा खूप दुखतोय, हे सांगायचं राहिलंच.